नाव एक, आजार दोन

पिंगुळीत घर, कुडाळात औषधांचं दुकान आणि थोरला भाऊ पेशंट. या तिन्हीमुळे आसपासच्या गावांत कुणाच्या किडनीत गाठ निघाली की त्याची फाईल आधी माझ्या काउंटरवर येते. मी डॉक्टर नाही. फार्मसीची पदविका आणि दादाबरोबर केलेल्या मुंबईच्या वाऱ्या, एवढंच माझं भांडवल.

दादाला झाला तो मूत्रपिंडातच उगवलेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. वैद्यकीय साहित्यात त्याची पहिली नोंद १९६६ सालची. चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, काही डॉक्टरांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या तेव्हा सगळे मिळून ५६ रुग्ण भरले. अलीकडच्या लेखांत हा आकडा शंभराच्या थोडा पुढे गेलेला दिसतो. एवढ्या विरळ आजारावर 'अमक्याक काय केल्यान?' असं विचारायला शेजारीपाजारी कुणी सापडत नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

१. किडनीची गाठ बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडते.

आमच्याकडे कंबरेच्या बाजूला दुखलं की मुतखडा, आणि मुतखडा म्हटलं की कुळथाचं कढण. दादाच्या बाबतीत हे अगदी चूकही नव्हतं. तरुणपणी त्याला खरोखरच खडा झाला होता आणि त्या वेळच्या सोनोग्राफीत कळलं होतं की त्याच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या आहेत. रिपोर्टात 'हॉर्सशू किडनी' असं लिहिलेलं. साधारण पाचशे माणसांत एकाची रचना अशी घोड्याच्या नालेसारखी असते आणि बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही. खडे आणि लघवीचा संसर्ग यांचा त्रास थोडा जास्त, इतकंच.

पण या विशिष्ट ट्यूमरचं आणि नालेच्या किडनीचं काहीतरी नातं आहे. नोंदल्या गेलेल्या रुग्णांत अशा किडनीची माणसं अपेक्षेपेक्षा कितीतरी पटीनं जास्त आहेत. कारण अजून पक्कं सापडलेलं नाही. निरोगी मूत्रपिंडात न्यूरोएंडोक्राइन पेशी सापडतच नाहीत, मग त्यांची गाठ तिथे येते कुठून, यावरच तज्ज्ञांत तीन-चार मतं आहेत. नालेची किडनी असलेल्यांनी घाबरून जावं असं यात काही नाही, कारण अनेक पटींनी वाढूनही धोका अत्यल्पच राहतो. मात्र लघवीतून रक्त गेलं तर 'खडो आसतलो' म्हणून महिनाभर कढण पीत बसू नये. न दुखता गेलं असेल तर एक दिवसही थांबू नये.

२. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते, तिची जात दिसत नाही.

सीटी बघायला मिळाला तर जरूर बघा. आमच्या पिंगुळीच्या गुढीपुरातले चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात, तसं रेडिओलॉजिस्टनं आम्हाला एकेक काप पुढे सरकवत ती गाठ दाखवली. कुठे सुरू होते, कुठपर्यंत जाते, शिरेला चिकटली आहे का, शेजारच्या लसिका ग्रंथी फुगल्यात का. तिचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण ते चित्रात नसतंच. किडनीच्या नेहमीच्या कर्करोगात रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तो रंगद्रव्य दिल्यावर उजळून निघतो, तर ही गाठ तुलनेनं फिकी दिसते आणि कधी तिच्यात चुन्याचे कण असतात. यावरून शंका घेता येते, खात्री देता येत नाही.

किडनीच्या गाठीतून सुई घालून तुकडा काढण्याची पद्धतही सरसकट नाही. गाठ काढण्याजोगी असेल तर सर्जन ती काढतात आणि नाव नंतर पॅथॉलॉजीत ठरतं. 'आधी तपासून का नाही बघितलं?' असं डॉक्टरांना दरडावून विचारणारे नातेवाईक मी पाहिलेत. उत्तर असं की तुकड्यात काहीही निघालं असतं, तरी पुढची पायरी बहुधा हीच होती.

दादा शस्त्रक्रियेला तयार होईना. "दुखणा नाय, मगे कापूचा कित्याक?" हा त्याचा मुद्दा. वयनीनं एका वाक्यात मिटवला: "दुखाक लागला की मगे कापूचा काय उरता?"

३. पॅथॉलॉजी रिपोर्टच्या खालच्या ओळी वरच्या नावापेक्षा महत्त्वाच्या.

हे कलम सगळ्यात लांब होणार आहे. ज्यांना एकच वाचायचंय त्यांनी हेच वाचावं.

'न्यूरोएंडोक्राइन' या एका नावाखाली दोन अगदी वेगळे आजार राहतात. पहिला वेल डिफरन्शिएटेड, ज्याला पूर्वी कार्सिनॉइड म्हणत. तो सावकाश वाढतो. सापडतो तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांत लसिका ग्रंथींपर्यंत किंवा यकृतापर्यंत पोचलेला असतो, आणि तरीही त्यातली बरीच माणसं पुढे अनेक वर्षं जगतात. किडनीच्या नेहमीच्या कर्करोगात 'पसरलाय' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे जसंच्या तसं लावता येत नाही. दुसरा म्हणजे न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, स्मॉल सेल किंवा लार्ज सेल. तो वणव्यासारखा पसरतो, सापडतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि बहुतेक नोंदींत पुढचं आयुष्य महिन्यांत मोजलेलं दिसतं. त्यावर मुख्य इलाज केमोथेरपी. फुप्फुसातल्या स्मॉल सेलला देतात तीच जोडी: इटोपोसाइड आणि सिसप्लाटिन, किंवा सिसप्लाटिन झेपत नसेल तर कार्बोप्लाटिन. पहिल्या प्रकारावर हीच केमो फारशी चालत नाही.

म्हणजे एका प्रकाराला जी औषधं तातडीनं हवीत ती दुसऱ्याला जवळजवळ निरुपयोगी. घरच्यांच्या कानावर मात्र दोन्ही वेळा एकच नाव पडतं.

मग रिपोर्टात बघायचं काय? सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या रंगचाचण्या 'पॉझिटिव्ह' असतात, त्यावरून पेशींचं कूळ कळतं. त्या दोन्ही प्रकारांत पॉझिटिव्ह येऊ शकतात, तेव्हा तिथेच थांबू नका. त्याखाली दोन आकडे असतात. एक, ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभागताना दिसल्या. दुसरा की-६७, म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीच्या फेऱ्यात आहेत. आतड्याच्या गाठींसाठी ठरवलेल्या पट्टीत ३ टक्क्यांच्या आत पहिली ग्रेड, ३ ते २० दुसरी, त्यावर तिसरी. किडनीतल्या गाठी इतक्या थोड्या की त्यांची स्वतःची पारखलेली पट्टी नाही, म्हणून हीच उसनी घेतात. उसनी असली तरी दिशा कळते. कार्सिनोमात की-६७ पन्नास, सत्तर, नव्वद असा निघतो. दादाचा एक आकडी होता.

रिपोर्टात हे आकडे नसतील तर डॉक्टरांना विचारा. रागावून विचारायचं कारण नाही. "सर, ग्रेड आणि की-६७ किती?" एवढं पुरतं.

४. इरफान खानचं नाव निघणारच.

आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं या अभिनेत्यानं मार्च २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं आणि २९ एप्रिल २०२० ला मुंबईत ते गेले. तोवर 'न्यूरोएंडोक्राइन' हा शब्द आमच्या बाजारात कुणी ऐकलेला नव्हता. दादाच्या वेळी जो भेटेल तो म्हणायचा, "त्या इरफान खानाक जालेला ता?" आणि पुढे गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याचा दादाला आजारापेक्षा जास्त त्रास झाला. मी मग स्टीव्ह जॉब्सचं उदाहरण द्यायला लागलो. त्यांच्या स्वादुपिंडातली गाठ याच कुळातली, सापडली २००३ मध्ये, ते गेले २०११ मध्ये. लोकांना तेही फारसं पटत नसे, कारण शेवटी तेही गेलेच. पण एकाच नावाच्या आजाराचा एक माणूस दोन वर्षांत जातो आणि दुसरा आठ वर्षं जगतो, एवढं तरी त्यातून दिसतं.

५. गाठ किडनीत सापडली म्हणजे ती किडनीचीच, हे सिद्ध करावं लागतं.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची नेहमीची घरं म्हणजे लहान आतडं, अपेंडिक्स, गुदाशय, स्वादुपिंड, फुप्फुस. त्यातल्या एखाद्या ठिकाणची छोटी गाठ नजरेतून निसटून किडनीत येऊन बसलेली असू शकते. म्हणून दादाची एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, छातीचा सीटी आणि गॅलियम डोटा पेट स्कॅन झाला. घरच्यांना हे सगळं 'पैसे काढूचे धंदे' वाटतं. हा खर्च मात्र सार्थकी लागणारा आहे, कारण मूळ घर दुसरीकडे निघालं तर पुढची सगळी आखणी बदलते.

पेट स्कॅनबद्दल एक बारकावा. यात वापरायचं द्रव्य किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे निरोगी किडनीही त्या चित्रात लखलखीत दिसते. तिच्या आतली गाठ त्या उजेडात दडू शकते. 'पेटमध्ये किडनी चमकतेय' म्हणून रडारड करू नये, आणि पेटमध्ये गाठ दिसली नाही म्हणून पेढेही वाटू नयेत. शिवाय गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं. दिलेली वेळ पाळावीच लागते, ट्रॅफिकची सबब चालत नाही.

६. मेणाचे ब्लॉक सांभाळा.

काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या लहानशा ठोकळ्यांत घट्ट बसवून ठेवतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं तर कागदी रिपोर्ट उपयोगाचा नाही, ब्लॉक आणि स्लाइड लागतात. इतक्या दुर्मिळ गाठीत दुसरं मत घेणं हा पहिल्यावरचा अविश्वास नव्हे. आयुष्यात ही गाठ एकदाही न पाहिलेले चांगले पॅथॉलॉजिस्ट असतात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी सगळ्या देशातून स्लाइड येतात, तिथे ती पाहिलेली माणसं असण्याची शक्यता जास्त. ब्लॉक मागून घ्या, पावती ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका. मेणच ते.

७. चाचणीच्या आधी पोटात काय गेलं, याला महत्त्व आहे.

या गाठी कधी कधी सेरोटोनिन रक्तात सोडतात. मग चेहरा लाल होतो, जुलाब होतात, धाप लागते. किडनीतल्या गाठीत हे क्वचितच घडतं, पण तपासतात. त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमवावी लागते. तिच्या आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद. ज्याच्या परसात केळीचे घड लोंबतात त्याला हे सांगणं सोपं नाही. "केळा खाल्ल्यान म्हणान रिपोर्ट बिघडता, असो कसलो ह्यो रोग!" वयनी म्हणाली, आणि पिकलेला घड शेजारी देऊन टाकला.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. रक्तातल्या क्रोमोग्रॅनिन-ए या चाचणीचा आकडा ॲसिडिटीच्या गोळ्यांनी भरमसाट वाढतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, जी लोक सकाळी उठून चहाआधी घेतात ती. माझ्याकडे गाठीचा आकडा वाढला म्हणून कोलमडलेली एक बाई आली होती. पिशवीतली औषधं काढली तर त्यात पॅन्टोप्राझोल. डॉक्टरांनी ती गोळी काही आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासलं आणि आकडा खाली आला. किडनीचं काम मंदावलेलं असेल तरीही हा आकडा वाढतो. म्हणून या चाचणीचा कागद एकटा वाचू नये. औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. बंद काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

८. शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज, आणि नालेच्या किडनीत ती जास्त काटेकोर.

पहिल्या प्रकारची गाठ पूर्ण निघाली तर तोच सगळ्यात चांगला शेवट. गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल तर किडनी वाचवून तेवढा भाग काढतात, नाहीतर किडनी काढतात. आजूबाजूच्या लसिका ग्रंथीही तपासाव्या लागतात. नालेच्या किडनीला रक्तवाहिन्या कुठून कशा येतील याचा नेम नसतो, एकीच्या जागी तीन-चारही असतात. म्हणून दादाच्या वेळी आधी त्यांचा नकाशा काढणारा वेगळा सीटी केला. मधला जोड कापून अर्धी बाजू काढली. वेळ लागला, रक्त चढवावं लागलं, पण गाठ अखंड निघाली. ग्रंथींपैकी काहींत गाठीच्या पेशी सापडल्या.

त्यानंतर काही नाही. केमो नाही, रेडिएशन नाही. गावात कुणालाच ते पटेना. 'डॉक्टरांनी हात वर केल्यांनी' अशी कुजबुज झाली. खरं तर या प्रकारात गाठ काढल्यावर वर आणखी औषध दिल्यानं फायदा होतो असं दाखवणारा पुरावाच नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. ते दहा-दहा वर्षं ठेवायचं, कारण हा आजार फार उशिरा परत येऊ शकतो.

९. आकडे ऐका, पण ते कुणाचे आहेत ते विचारा.

दादाच्या यकृतात पुढे काही वर्षांनी ठिपके दिसले. तेव्हा 'ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं' असं ज्या अभ्यासांच्या आधारानं सांगितलं, ते अभ्यास आतड्याच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठींचे होते. ऑक्ट्रिओटाइडचा जर्मन अभ्यास २००९ मध्ये आला, ८५ रुग्णांचा. त्यात गाठ वाढायला लागण्याचा काळ सहा महिन्यांवरून चौदा महिन्यांच्या पुढे गेला. ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचा (कलम ११) मोठा अभ्यास २०१७ चा, २२९ रुग्णांचा. वीस महिन्यांनी आजार न वाढलेले ६५ टक्के, ते न मिळालेल्या गटात ११ टक्क्यांच्या आत. आकडे उत्तम आहेत. पण ते लहान आतड्याच्या गाठींचे. किडनीतून उगवलेल्या गाठींवर असा अभ्यास व्हायला तेवढे रुग्ण कुठल्याच एका देशात एकावेळी जमत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी हे लपवलं नाही. "मी तिकडचं ज्ञान इकडे वापरतोय, कारण गाठीचा स्वभाव तोच दिसतोय," असं सांगितलं. ज्या डॉक्टरांनी ठामपणे टक्केवारी सांगितली त्यांच्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचे वाटले. 'किती वर्षं?' या प्रश्नाला या आजारात प्रामाणिक उत्तर असतं ते 'पुढचा स्कॅन बघू' हेच.

१०. महिन्याच्या इंजेक्शनला फ्रीज लागतो, आणि कोकणात पावसात लाईट जाते.

लांब पल्ल्याचं ऑक्ट्रिओटाइड दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. दर चार आठवड्यांनी खुब्यात खोल द्यायचं, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. पावडर आणि द्रव वेगळे येतात, मिसळलं की लगेच द्यायचं, नाहीतर सुईत अडकतं. हजारो रुपयांचं इंजेक्शन सुईत अडकून वाया जाताना मी पाहिलंय. देणाऱ्या सिस्टरला आधी माहितीपत्रक वाचायला द्या, त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

जूनमध्ये झाड पडून दोन-दोन दिवस लाईट नसते. मी थर्माकोलची पेटी आणि जेल पॅक तयार ठेवतो. इंजेक्शन बर्फाला थेट टेकता कामा नये आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तर कधीच जाता कामा नये, गोठलं की गेलं. माझा सल्ला: महिनाभर आधी आणून घरी ठेवू नका. दुकानदाराला तारीख सांगून ठेवा, त्याच्याकडे जनरेटर असतो.

या औषधानं पित्ताशयात खडे होतात आणि साखर वरखाली होते. दादाला मधुमेह आहे, त्यामुळे साखर बघणं वाढलं. पित्ताशयाची सोनोग्राफी अधूनमधून करतो.

११. ल्युटेशियमच्या वेळी उरलेल्या किडनीचा विचार आधी.

इंजेक्शननं काही काळ सगळं थांबलं, मग एका स्कॅनमध्ये ठिपके मोठे दिसले. तेव्हा ल्युटेशियम-१७७ चा विषय निघाला. गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडलेलं असतं. रेणू रक्तातून फिरत गाठीपर्यंत जातो आणि तिथेच किरण सोडतो. आपल्याकडे हे फार दुर्लभ नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम बनवतं, आणि त्यांचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला टाटाच्या आवारात १९६३ पासून आहे. परदेशात ज्या उपचाराला लोक घर विकतात त्यासाठी आपल्याला मुंबईची गाडी पकडावी लागते. या एका बाबतीत मला सरकारचं मनापासून कौतुक वाटतं.

अडचण अशी की हा रेणूही किडनीतूनच जातो आणि थोडा तिथे अडकून राहतो. दोन किडन्यांच्या माणसाला ते सोसतं. दादाला नालेची अर्धीच बाजू उरलेली. म्हणून आधी क्रिएटिनिन आणि किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा वेगळा स्कॅन झाला. औषधाच्या दिवशी लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं सलाईनमधून तासन्‌तास चालू ठेवली. ती किडनीत औषधाची जागा अडवतात आणि ते बाहेर घालवतात. त्यांनी मळमळ भयंकर होते, तयारीत राहा. चार फेऱ्या, प्रत्येक दोन महिन्यांच्या अंतरानं, आणि प्रत्येकीआधी रक्त तपासून.

परतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बाईपासून लांब, संडासात दोनदा पाणी. दादा खुशीत होता. "आता रातचा भायर जावक बॅटरी नको माका," म्हणाला. ठिपके नाहीसे झाले नाहीत. वाढायचे थांबले, काही आक्रसले. या आजारात याला यश म्हणतात.

१२. एक किडनी असलेल्यानं भातशेतीत काय सांभाळायचं.

हे कुठल्याच मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं नाही, कारण त्यांच्या पेशंटना लावणी करायची नसते.

पहिलं, अंगदुखीच्या गोळ्या. लावणीनंतर कंबर धरते आणि गाव माझ्या दुकानात येतं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या एकट्या किडनीला महागात पडतात. दादानं मला ऐकवलं, "तुझ्या दुकानात येवडी औषधा आसत, माका एक गोळी देवक तुझा काय जाता?" मी पॅरासिटामॉल दिली. तो दुसऱ्या दुकानात गेला. त्या दुकानदारालाही मी आधीच फोन केला होता.

दुसरं, लेप्टो. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिस दरवर्षीचा. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलातून पायाच्या भेगांवाटे शिरतो आणि नेमका किडनीवर बसतो. गमबूट घालून शेतात कुणी उतरत नाही, चिखलात ते रुततात. निदान पायाला जखम असताना उतरू नये. आरोग्यसेवक हंगामात डॉक्सिसायक्लिन वाटतात, ती आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि ताप आला तर 'बघू उद्या' नको. एक किडनी आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी सांगा, सीटीचं रंगद्रव्य देणाऱ्यालासुद्धा.

तिसरं, भस्मं. कुणीतरी आणून देतंच. मी हात जोडून परत करतो. पिंगुळीतल्या राऊळ महाराजांच्या मठात दादा नेमानं जातो, देवळात गाऱ्हाणंही घातलं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पोटात काय जातं एवढंच मी बघतो.

१३. कागद आणि गाडी.

सिंधुदुर्गातला पेशंट पूर्वी सरळ बांबोळीला जायचा. गोवा मेडिकल कॉलेज जवळ, आणि आपुलकीही. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं, दोडामार्गात त्यावर आंदोलनं झाली. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. पहिल्या तपासण्या, रक्त, सोनोग्राफी तिथे होऊ शकतात. पण या आजाराची शस्त्रक्रिया आणि डोटा स्कॅन यांसाठी मोठं केंद्र गाठावंच. भरती होण्यापूर्वी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही हे आधी विचारा, बिल आल्यावर नको. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, हॉस्पिटलच्या सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो. राहायला परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. दोन्हीकडे गर्दी असते, आधी चौकशी करा.

१४. चतुर्थी.

एकदा स्कॅनची तारीख नेमकी गणपतीत आली. दादा घरचा गणपती सोडून जाणार नव्हता आणि परतीची तिकिटंही कोकणकन्येला मिळत नव्हती. मी भीतभीत डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "या तीन आठवड्यांनी. ही गाठ तेवढी थांबते." दुसऱ्या प्रकारच्या आजारात हे वाक्य कुठलाही डॉक्टर बोलणार नाही. तिथे गणपती राहू द्यायचा आणि निघायचं. तेव्हा तारीख पुढे ढकलण्याआधी कलम तीन पुन्हा वाचा.

१५. डॉक्टरांनी तुमची केस छापायची परवानगी मागितली तर द्या.

जगात शंभराच्या थोड्या पुढे एवढ्याच नोंदी का, याचं एक कारण असंही की अनेक रुग्ण नोंदवलेच जात नाहीत. पुढच्या माणसाला डॉक्टर जे सांगतील ते अशा एकेका नोंदीतून जमलेलं असणार. नाव, फोटो काही येत नाही. वय, लिंग, गाठीचा आकार, काय दिलं, काय झालं, बस्स.

दादापुढे फॉर्म ठेवला तेव्हा त्यानं विचारलं, "माझा नाव येतला?" नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. "मगे पिंगुळीचा तरी घाला." डॉक्टर हसले आणि म्हणाले, तेही चालत नाही, फक्त 'पश्चिम भारतातला एक पुरुष' असं लिहितात. दादानं सही केली. पण पश्चिम भारत म्हणजे नेमका खय, हे डॉक्टरांना समजावून सांगायला हवं होतं, असं तो गाडीत कणकवलीपर्यंत बोलत होता.